खाल्ल्या घरचे वासे कुणी मोजायचे?

सर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया तीन-चार वेळा वाचली. दोन दिवस उत्तर दिलं नाही, कारण घाईत लिहिलं असतं तर भांडण झालं असतं, आणि तुमच्याशी मला भांडायचं नाही. ज्यांनी आधीचं काही वाचलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मी मागच्या लेखात लंडन-न्यूयॉर्कची उदाहरणं देऊन म्हटलं होतं की एखाद्या वृत्तपत्राची लबाडी उघडी पडते तेव्हा व्यंगचित्रकाराने आधी आपल्याच पेपरवर कुंचला उचलला पाहिजे. त्यावर सरांनी (ते निवृत्त शिक्षक आहेत, बेळगावातल्या शहापूरला राहतात) मला चांगलंच सुनावलं. ज्याचा पगार खायचा त्याचीच बदनामी करायची, याला आपल्याकडे खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात, असं ते म्हणाले. लंडन-न्यूयॉर्कच्या गोष्टी बेळगावात कशाला, असंही विचारलं. आणि शेवटी लिहिलं, ‘1986 ला कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात आमच्या पोरांवर गोळ्या चालल्या तेव्हा आमचं दुःख मराठी पेपरांनीच छापलं. सीमाभागात मराठी माणसाला एवढाच एक आवाज उरलाय. त्याची टिंगल करून तुम्ही कुणाच्या हातात कोलीत देताय?’

सर, शेवटचा प्रश्न सगळ्यात जड आहे, तेव्हा त्याच्याकडे वळसा घालून येतो. त्याआधी एक चूक कबूल करतो. माझ्या लेखात एक वाक्य होतं, ‘आज सगळीच माध्यमं विकली गेली आहेत.’ ते मी मागे घेतो. ते तुम्हाला लागलं हे बरोबरच झालं. तुमच्या धाकामुळे मागे घेत नाही. त्या वाक्यात जी खोट आहे ती मी स्वतः एकदा करून बसलोय आणि तिचा परिणाम डोळ्यांनी बघितलाय, म्हणून घेतो.

2013 च्या विधानसभा निवडणुकीच्या आधीची गोष्ट. मी तेव्हा एका मराठी साप्ताहिकात पान लावायचो आणि आठवड्याला एक व्यंगचित्र द्यायचो. त्या साप्ताहिकाचं नाव लिहीत नाही. ते बंद पडलं, संपादकही आता हयात नाहीत, त्यांना आपली बाजू मांडता येणार नाही. मतदानाला दोन आठवडे असताना जाहिरात विभागातून एक पेनड्राइव्ह आला. त्यात तयार मजकूर, फोटो, मथळे, सगळं होतं. एका उमेदवाराचा ‘विजय निश्चित’, आणि त्याच मतदारसंघातल्या त्याच्या प्रतिस्पर्ध्यालाही ‘वाढता पाठिंबा, विजयाकडे वाटचाल’. दोन्ही एकाच पानावर लावायचे होते, बातमीच्याच टायपात, कुठेही ‘जाहिरात’ हा शब्द न घालता. मी विचारलं. उत्तर मिळालं, ‘पॅकेज आहे, लाव.’

मी लावलं. पण त्या रात्री एक चित्र काढलं. गल्लीत समोरासमोर दोन घरं, दोन्ही दारांत हार घातलेले उमेदवार उभे, आणि मधे सायकलवरचा पेपर टाकणारा पोरगा एकच अंक मधोमध फाडून अर्धा इकडे, अर्धा तिकडे देतोय. खाली ओळ घातली नव्हती, गरज नव्हती. फक्त फाटणाऱ्या अंकावर जे नाव होतं त्याची अक्षरं मी आमच्याच साप्ताहिकाच्या वळणाची काढली होती. छपाईवर एक कन्नड सहकारी होता, त्याला मराठी वाचायला जड जायचं. त्याने चित्र बघितलं, आधी हसला, मग गप्प झाला आणि म्हणाला, ‘हे छापणार?’

(इथे जरा थांबून एक सांगायचंय. शि. द. फडणीस आपल्या भोजचे, जन्म 1925, तेव्हाचा आणि आजचाही बेळगाव जिल्हा. शब्दांशिवाय चित्र बोलतं हे त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला शिकवलं. ते राजकीय व्यंगचित्रकार नव्हेत, पण दोन भाषांच्या गावात बिनशब्दांच्या चित्राची किंमत काय असते हे मला त्या छपाईच्या मशीनपाशी कळलं.)

संपादकांनी चित्र नाकारलं नाही. तेच तर सांगायचंय. ते म्हणाले, ‘फक्कड जमलंय. तेवढी नावाची अक्षरं बदल. नुसतं ‘पेपर’ असं लिही, छापतो.’ मी अक्षरं खोडली आणि ‘पेपर’ लिहिलं. चित्र छापून आलं. लोकांनी वाहवा केली, फोन आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शहापुरात चहाच्या टपरीवर एक म्हातारे आजोबा आमचाच अंक घेऊन बसले होते. चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी आधी माझं चित्र शेजारच्याला दाखवलं. ‘बग, बाकीच्या पेपरांची कशी काढलीया.’ मग पान उलटलं आणि त्या पॅकेजच्या मजकुरावर बोट ठेवून एकेक ओळ मोठ्याने वाचायला लागले. कोण कुठे पुढे आहे, कुठल्या गल्लीत कुणाला पाठिंबा आहे, सगळं. शेजाऱ्याने शंका काढली तेव्हा म्हणाले, ‘आपल्या पेपरात आलंय म्हणजे खोटं असतंय काय?’

सर, ते वाक्य आजही मला झोपू देत नाही. माझ्या चित्राने लबाडी उघडी पाडली नव्हती, तिला पांघरूण घातलं होतं. बाकीचे सगळे चोर आणि हे निर्भीडपणे सांगणारे आम्ही तेवढे साव, असा शिक्का माझ्या चित्राने आमच्या अंकावर मारला आणि त्या शिक्क्याच्या जोरावर पुढच्या पानावरचं खोटं खरं म्हणून खपलं. तीन इंचांतली चार अक्षरं खोडली, एवढंच मी केलं होतं.

म्हणून ‘सगळी माध्यमं विकली गेली’ हे वाक्य मागे घेतोय. ‘सगळी’ म्हटलं की नेमकं कुणीच सापडत नाही. प्रामाणिकपणे तालुक्याची बातमी देणारा, महिन्याला तुटपुंजं मानधन घेऊन खानापूरच्या जंगलपट्ट्यात दुचाकीवर फिरणारा वार्ताहर आणि पेनड्राइव्ह पाठवणारा, दोघं एकाच पोत्यात भरले जातात. इथवर तुमचं म्हणणं मला शंभर टक्के मान्य. पण याच्यावरचा उपाय चित्रच काढू नये हा नव्हे. उपाय आहे ती अक्षरं न खोडणं.

आता लंडन-न्यूयॉर्कचं. ती उदाहरणं मी मिरवायला घेतली नव्हती. हा आजार जुना आहे, आणि चित्रकारांनी त्याच्याशी काय काय केलं याची नोंद तिकडे नीट सापडते, म्हणून घेतली. ‘पीत पत्रकारिता’, म्हणजे भडक, सनसनाटी पत्रकारिता, हा शब्द आपण रोज वापरतो. तो एका चित्रातल्या पोराच्या पिवळ्या झग्यावरून आलाय. चित्रकार रिचर्ड आउटकॉल्ट यांचा ‘यलो किड’ आधी न्यूयॉर्कचे पेपरमालक पुलित्झर यांच्या ‘वर्ल्ड’मध्ये यायचा, मग प्रतिस्पर्धी मालक हर्स्ट यांनी आउटकॉल्टना आपल्या ‘जर्नल’मध्ये ओढलं, आणि काही काळ दोन्ही पेपरांत दोन पिवळी पोरं नांदली. 15 फेब्रुवारी 1898 ला स्पेनच्या ताब्यातल्या क्यूबात, हवानाच्या बंदरात ‘मेन’ ही अमेरिकी युद्धनौका स्फोट होऊन बुडाली. कारण कळायच्या आत या पेपरांनी स्पेनला दोषी ठरवून मथळे चढवले. स्पेनशी युद्ध झालंच. त्या वर्षी जूनमध्ये लिऑन बॅरिट यांनी एक चित्र काढलं. लाकडी ठोकळ्यांचा एक उंच खांब, ठोकळ्यांवर ‘युद्ध’ या शब्दाची अक्षरं. एका बाजूने पुलित्झर रेटतायत, दुसऱ्या बाजूने हर्स्ट. दोघांच्याही अंगात तोच पिवळा झगा. कुणी सगळ्या पत्रकारितेला शिव्या दिल्या नाहीत. दोन माणसं, दोन चेहरे, ओळखू येतील असे.

हे चित्र मी पहिल्यांदा नीट बघितलं ते डिसेंबर 2022 मध्ये, आणि तेव्हा मला न्यूयॉर्क दिसलं नाही, आपलं बेळगाव दिसलं. आठवतंय ना? सीमावाद तापलेला असताना 6 तारखेला बेळगावजवळच्या हिरेबागेवाडीपाशी महाराष्ट्राच्या पासिंगच्या ट्रकांवर दगडफेक झाली, एसटीने गाड्या थांबवल्या. घडलं ते वाईटच होतं आणि त्याची बातमी व्हायलाच हवी होती. पण त्या संध्याकाळी कोल्हापूरहून माझ्या मेहुण्याचा फोन आला, आवाज कापत होता. ‘भावजी, बेळगाव पेटलंय म्हणे? ताई कुठाय?’ मी त्या वेळी गणपत गल्लीत मेथीची जुडी घेऊन उभा होतो. समोर बाई कोथिंबिरीचा भाव करत होती. मी फोन बाजाराच्या दिशेने धरला, म्हटलं ऐक. त्याला पटेना, कारण त्याच्या समोर पडद्यावर लाल पट्टी होती. आणि माझा हुबळीचा मित्र त्याच रात्री दुसऱ्या भाषेतल्या वाहिनीवर तेवढीच लाल पट्टी बघून मला विचारत होता, की तुमच्याकडचे लोक कन्नड माणसाला घराबाहेर पडू देत नाहीत हे खरं का. ठोकळ्यांचा खांब तोच, दोन्ही बाजूंनी रेटणं चालू. फरक इतकाच की न्यूयॉर्कमध्ये दोघांची भाषा एक होती. इथे आपण आपल्या बाजूने रेटणाऱ्याला ‘आपला’ म्हणतो आणि त्याच्या अंगातला झगा आपल्याला दिसत नाही.

त्या महिन्यात पलीकडच्या वाहिन्यांची खिल्ली उडवणारी मराठी चित्रं माझ्या मोबाईलवर रोज येत होती. आपल्या बाजूच्या लाल पट्टीवरचं एकही चित्र मला कुणी पाठवलं नाही. मीही काढलं नाही, हेही लिहून ठेवतो.

पगाराचा मुद्दा तुम्ही काढलात तो खोटा नाही. त्याची ताकद किती असते ते 2011 मध्ये दिसलं. लंडनच्या ‘न्यूज ऑफ द वर्ल्ड’ने खून झालेल्या मिली डाउलर या 13 वर्षांच्या मुलीच्या मोबाईलचे व्हॉइस मेल चोरून ऐकल्याचं ‘गार्डियन’ने 4 जुलैला छापलं. 1843 पासून चाललेला तो पेपर 10 जुलैला बंद झाला. 19 तारखेला मालक रूपर्ट मरडॉक यांना मुलासह संसदेच्या समितीपुढे बसावं लागलं. आणि 21 तारखेला त्याच मालकाच्या ‘टाइम्स’मध्ये पीटर ब्रूक्स यांचं चित्र आलं. हाडांची काडं झालेले सोमालियातले भुकेले लोक, आणि त्यातला एक म्हणतोय, या फोन-हॅकिंगने माझं पोट भरलं, म्हणजे वीट आला. दुष्काळ खरा होता, आदल्याच दिवशी संयुक्त राष्ट्रांनी तो जाहीर केला होता. ब्रूक्स हे मोठे चित्रकार आहेत, त्यांच्या हेतूवर मी बोट ठेवत नाही. पण मालक कठड्यात उभा असताना त्याच्याच पेपरात ‘पुरे करा आता हे’ असं म्हणणारं चित्र आलं की वाचकाला वासे दिसतात ते दिसतातच. टीकेची झोड उठली. चित्राचा विषय कितीही खरा असो, ते कुठल्या भिंतीवर टांगलंय हेही वाचलं जातं.

दुसरं टोक बघा. ॲन टेल्नेस 2008 पासून ‘वॉशिंग्टन पोस्ट’साठी काढत होत्या. त्यांनी धनाढ्य उद्योगपती ट्रम्प यांच्या पुतळ्यापुढे गुडघे टेकतायत असं चित्र दिलं. त्यात पेपरचे मालक जेफ बेझोस होते. चित्र नाकारलं गेलं. संपादकांचं म्हणणं असं की त्याच विषयावर लेख आधीच छापलाय, पुनरावृत्ती नको. जानेवारी 2025 मध्ये टेल्नेस यांनी राजीनामा दिला आणि कच्चं चित्र स्वतःच लोकांसमोर ठेवलं. त्याच वर्षी त्यांना पुलित्झर पारितोषिक मिळालं. हो, ज्यांच्या अंगात तो पिवळा झगा होता त्याच पुलित्झरच्या नावाचं. आपल्याच राज्यातल्या कुंदापूरचे व्यंगचित्रकार सतीश आचार्य यांचंही 2018 मध्ये चीनवरचं चित्र अडवलं गेल्यावर ‘मेल टुडे’ या दैनिकातलं काम थांबलं होतं. यातल्या कुणाला मी घर मोडणारे म्हणणार नाही.

आणि मराठीतलं उदाहरण हवंय तर 2009 घ्या. महाराष्ट्राच्या विधानसभा निवडणुकीत, एकमेकांशी स्पर्धा करणाऱ्या मराठी दैनिकांत एका नेत्यावरचा शब्दनशब्द तोच मजकूर बातमी म्हणून छापून आला. पत्रकार पी. साईनाथ यांनी ‘द हिंदू’मधून ते पुराव्यानिशी मांडलं. वृत्तपत्रांवर लक्ष ठेवणाऱ्या प्रेस कौन्सिलने परंजॉय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची समिती नेमली, त्यांनी 2010 मध्ये 71 पानांचा अहवाल दिला, आणि कौन्सिलने तो अहवाल तेव्हा जसाच्या तसा प्रसिद्ध केला नाही. नावं असलेली पानं लोकांना 2011 मध्ये मिळाली. इथेही तेच बघा. ‘पेड न्यूज (पैसे घेऊन छापलेली बातमी) ही गंभीर समस्या आहे’ असं सगळ्यांनी मान्य केलं. नाव घ्यायची वेळ आली तेव्हा मात्र अहवाल कपाटात गेला. म्हणजे पुन्हा अक्षरंच खोडली. दिल्लीतल्या कौन्सिलने केलं तेच मी आमच्या टेबलावर एका खोडरबराने केलं होतं.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, 1986 चा.

त्या जूनमध्ये काय झालं ते मी माझ्या वडिलांकडून ऐकलंय. 1 जूनला हुतात्म्यांना अभिवादन करायला आम्ही दरवर्षी हिंडलग्याला जातो. त्या दिवसांत मराठी पेपरांनी जे छापलं त्याचं मोल मी नाकारत नाही, नाकारणारा मी कोण. पण सर, जरा उलटून बघा. टपरीवरच्या आजोबांनी ‘आपल्या पेपरात आलंय म्हणजे खोटं असतंय काय’ हे म्हटलं ते कशाच्या जोरावर? 1986 च्याच. ज्या माणसाने आपल्या पोरांची नावं त्या पानांवर वाचली, त्याचा त्या पानांवर बसलेला विश्वास ही पेपरची आजवरची सगळ्यात मोठी कमाई आहे. आणि पेनड्राइव्हमधून आलेलं पॅकेज विकत घेत होतं ती नेमकी हीच पत. त्या उमेदवारांना आमचा कागद नको होता, शाई नको होती. त्यांना आजोबांचा विश्वास हवा होता आणि आम्ही तो चौकटीच्या दराने विकला.

पुण्या-मुंबईच्या वाचकाकडे दहा पेपर आहेत, एकाने फसवलं तर दुसऱ्यात तपासेल. आपल्याकडे दुसरा आवाज नाही असं तुम्हीच म्हणता. मग त्या एका आवाजात खोटं मिसळलं तर नुकसान कुणाचं जास्त? उद्या खरोखर अन्याय झाला, परत कुणा पोराच्या पाठीवर काठी पडली आणि आपल्या पेपरने ते छापलं, तेव्हा पलीकडच्याने सोडाच, आपल्याच पोरांनी ‘पॅकेज असेल’ म्हणून पान उलटलं तर? तरुण पोरं आजच तसं म्हणतायत, माझा पुतण्या म्हणतो. कोलीत कुणाच्या हातात द्यायचं हा प्रश्नच तेव्हा शिल्लक राहत नाही.

वासे मोजण्याबद्दलही एक सांगायचंय. खानापूरकडे पावसाळ्याच्या तोंडावर घराचा वासा न् वासा बोटाने वाजवून बघतात. माझे आजोबा शिडीवर चढायचे, टिचकी मारायचे आणि पोकळ आवाज आला की खडूने फुली करायचे. वाळवी बाहेरच्याला दिसत नाही. आत राहणाऱ्यालाच रात्री भुसा गळताना ऐकू येतो. म्हणीतला वासे मोजणारा हा उपकार विसरलेला पाहुणा आहे. व्यंगचित्रकार त्या घरातला आहे, पाऊस आला तर त्याच्याही डोक्यावर गळणार आहे. शेजाऱ्याच्या घराची वाळवी दाखवायला तो लागत नाही, ते काम शेजारी हौसेने करतातच.

तरी एक धोका तुम्ही बरोबर ओळखलात. आपल्या घरावरचं चित्र पलीकडचे उचलतील आणि ‘बघा, हे स्वतःच कबूल करतात’ म्हणून फिरवतील. फिरवतील, नक्की. त्याला मी काही करू शकत नाही. माझं चित्र मी वडगावातल्या, अनगोळातल्या वाचकासाठी काढतो, आणि त्याला काय कळलं एवढंच बघू शकतो.

ते 2013 चं मूळ चित्र माझ्याकडे आहे. खोडलेल्या जागी कागद खरवडल्यासारखा झालाय, उजेडात धरलं की जुन्या अक्षरांचे डाग दिसतात. ते मी पुन्हा काढायला घेतलंय, अक्षरांसकट. नाव त्या बंद पडलेल्या साप्ताहिकाचं नसेल, माझ्या या ब्लॉगचं असेल, कारण आता माझं घर हे आहे. मागे एका दुकानदाराने पैसे देऊन इथे लेख लिहून मागितला होता. मी नाही म्हटलं, पण नाही म्हणण्याआधी दोन दिवस विचार केला होता. त्या दोन दिवसांचंही चित्र व्हायला हवं.

तुम्ही लिहिलंय की 1986 ची कात्रणं तुमच्याकडे ट्रंकेत आहेत. मला ती बघायची आहेत. बातम्या मी इतरत्र वाचल्यात, पण त्या पानांवर तेव्हा कुणी चित्रं काढली होती का, आणि काय काढली होती, हे मला बघायचंय. शनिवारी संध्याकाळी पाचनंतर मी सार्वजनिक वाचनालयात असतो. तुमचे गुडघे दुखत असतील तर मीच शहापूरला येतो, तसं कळवा.